पॅरिसची कोजागरी आणि शेवटची दहा मिनिटे

पॅरिसमध्ये मी पाच दिवस होते. लूव्र संग्रहालय, सेन नदीकाठची भटकंती आणि एका हॉटेलाने आयत्या वेळी जास्तीचे भाडे मागितल्यामुळे झालेला मनस्ताप यांविषयी लिहावे असे फारसे काही नाही. लिहायचे आहे ते २८ ऑक्टोबर २०२३ च्या दुपारविषयी, ला शापेल भागातल्या एका तमिळ खाणावळीतल्या टेबलाविषयी, आणि रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे तिकीट पर्समध्ये असूनही त्यातली शेवटची दहा मिनिटे पाहायची नाहीत असा निश्चय करून आलेल्या एका बाईंविषयी.

रग्बीचा नाद मला मुंबईत लागला. महाविद्यालयात असताना पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाशी छत्री धरून मी चिखलातले सामने पाहत उभी राहायचे. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांचा अंतिम सामना प्रत्यक्ष पाहावा, ही इच्छा तेव्हापासूनची. दोघांकडेही तीन-तीन विश्वचषक होते, आणि त्या रात्री कोणीतरी चौथा जिंकणारा पहिला देश होणार होता.

सकाळीच आईचा फोन आला. त्या दिवशी कोजागरी पौर्णिमा होती आणि नेमके त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. ग्रहणाचा स्पर्श भारतात रात्री १ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे पॅरिसच्या घड्याळात ९ वाजून ३५ मिनिटांनी होणार होता. सामना तर ९ वाजता सुरू होणार. दुधात तुळशीचे पान घालून ठेव आणि ग्रहण लागल्यावर काही खाऊ नकोस, असे आईने दोनदा बजावले. तिचे मन राखावे म्हणून, आणि खरे तर मलाही ते हवे होते म्हणून, मी र्‍यू पाजोलवरच्या माणिक्क विनायकर मंदिरात गेले. दरवर्षी गणेशचतुर्थीच्या सुमारास याच देवळाचा रथ निघतो आणि पॅरिसच्या रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात.

देवळात दक्षिण आफ्रिकेच्या हिरव्या जर्सीतले एक वयस्कर जोडपे डोळे मिटून उभे होते. दर्शनानंतर जवळच्या खाणावळीत जागा नसल्यामुळे त्यांच्याच टेबलावर मला बसावे लागले. ते डर्बनचे. त्यांचे पूर्वज मद्रासकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेले. अशी पहिली माणसे तिथल्या नाताळ प्रांतात १८६० साली उतरली. डर्बनच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी मला आंटी-अंकल म्हणायला सांगितले. चौथ्या खुर्चीवर न्यूझीलंडच्या हॅमिल्टन गावचे सत्तरीतले एक गृहस्थ होते, काळा स्कार्फ गुंडाळलेले.

अंकलनी जर्सी धुतलेली नव्हती. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध ती अंगावर होती, उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्धही होती, आणि आता ती पाण्यात घालणे त्यांच्या दृष्टीने पाप होते. आंटींचे व्रत त्याहून कडक होते. फ्रान्सविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांत छातीत धडधडू लागले म्हणून त्या स्टेडियमच्या जिन्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि संघ २९-२८ असा जिंकला. इंग्लंडविरुद्ध त्या ठरवून बाहेर गेल्या आणि संघ १६-१५ असा जिंकला. दोन्ही वेळा अंतर एका गुणाचे.

“मी आत राहिले असते तर तो एक गुण गेला असता,” त्या म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या, म्हणून मीही हसले नाही. सचिन खेळत असताना आमच्या घरात कोणाला जागेवरून हलू दिले जात नसे आणि त्यात आम्हाला कधी काही विचित्र वाटले नाही.

हॅमिल्टनच्या आजोबांनी मात्र हे ऐकले आणि काकुळतीला आले. “बाईसाहेब, आज तेवढं बसून पाहा. दुसरं काही मागत नाही. हवं तर माझी शाल देतो, उशी देतो.” आंटी मान हलवून नाही म्हणत आणि ते पुन्हा नवा लाभ देऊ करत. अंकलनी ऑगस्टमधल्या ट्विकनहॅमच्या ३५-७ या निकालाची आठवण काढली, तेव्हा आजोबांनी जुलैमधला ऑकलंडचा ३५-२० पुढे केला. मग शकुनांचा हिशेब सुरू झाला. २०१९ पर्यंत गटात सामना हरलेला संघ कधीही विश्वविजेता झाला नव्हता. तो समज दक्षिण आफ्रिकेनेच मोडला, तोही गटात न्यूझीलंडकडून हरून. या वेळी दोघेही गटात एकेक सामना हरून आले होते, त्यामुळे तो शकुन कोणाच्याच कामाचा नव्हता. अंकल म्हणाले, तीन अंतिम सामन्यांत आमच्यावर एकही ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, झालेला नाही. आजोबा म्हणाले, आज होईल.

मधूनमधून आजोबा माझ्या फोनकडे पाहत होते, कारण धरमशालेत न्यूझीलंडचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियाच्या ३८८ धावांचा पाठलाग करत होता. रचिन रवींद्रने ११६ धावा केल्या, अखेरच्या षटकात १९ हव्या होत्या आणि सामना ५ धावांनी गेला. आजोबा क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “बरं झालं. आजच्या वाट्याचं दुर्दैव तिकडेच संपलं.”

तेवढ्यात आंटींनी आपल्या ताटातला मेदुवडा त्यांच्यापुढे सरकवला. शेजारच्या टेबलांवरचे हिरवे आणि काळे सगळेच एकदम वळून पाहू लागले, कारण त्या सरकवण्याचा अर्थ प्रत्येकाला ठाऊक होता. १९९५ च्या जोहान्सबर्गमधील अंतिम सामन्याच्या तोंडावर न्यूझीलंडचे अनेक खेळाडू पोट बिघडून आजारी पडले आणि जादा वेळेत १५-१२ असे हरले. त्यांचे प्रशिक्षक लॉरी मेन्स यांनी त्यामागे सूझी नावाच्या वेट्रेसचा हात असल्याचा संशय सांगितला. तो कधीही सिद्ध झाला नाही, परंतु दक्षिण आफ्रिकेच्या माणसाकडून खाऊ नये हा विनोद न्यूझीलंडमध्ये तेव्हापासून चालत आला आहे. आजोबांनी माझ्याकडे बोट करून सांगितले, “ही मुलगी साक्षीदार,” आणि अख्खा वडा चटणीसकट खाल्ला. सगळ्या खाणावळीने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर अंकल जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, “माझे वडील तुमच्याच संघाचे होते.” वर्णभेदाच्या काळात हिरवी जर्सी ही राज्यकर्त्यांची जर्सी होती, वेगळ्या काढलेल्या कोपऱ्यात उभे राहून कित्येक काळी आणि भारतीय वंशाची माणसे ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाच्या, नावाने ओरडत. १९९५ मध्ये नेल्सन मंडेला सहा क्रमांकाची हिरवी जर्सी घालून मैदानात आले, त्यानंतरच आपल्या घरात ती जर्सी आली, असे अंकलनी सांगितले. आजोबांनी हळूच उत्तर दिले की २५ जुलै १९८१ रोजी हॅमिल्टनच्या मैदानावरच्या दक्षिण आफ्रिकी संघाच्या सामन्याचे त्यांच्याकडे तिकीट होते. वर्णभेदाविरुद्ध आंदोलन करणारे कुंपण तोडून मैदानात घुसले आणि सामना रद्द झाला. “मी त्यांच्यावर चिडलो होतो. फार वर्षं चिडलेला राहिलो. ते बरोबर होते.” आंटींनी दुसरा वडा त्यांच्या ताटात ठेवला, या वेळी कोणीही काही बोलले नाही.

मला गर्दी सोसत नाही. सामन्याच्या मैदानाकडे, सेंट-डेनिसला, जाणाऱ्या गाडीत श्वास घ्यायला जागा नव्हती, पाऊस होता आणि कोजागरीचा चंद्र मला दिसला नाही. सामन्याचा निकाल सगळ्यांना माहीत आहे. आजोबांचे म्हणणे खरे ठरले, बोडन बॅरेटने ट्राय केला. तरीही दक्षिण आफ्रिका १२-११ अशी जिंकली. पुन्हा एका गुणाने. घड्याळात सत्तर मिनिटे झाल्यावर मी समोरच्या हिरव्या गर्दीत आंटींना शोधू लागले आणि त्या कुठल्या जिन्यावर भिंतीकडे तोंड करून उभ्या असतील याचा विचार करत राहिले.

रात्रीत युरोपातली घड्याळे एक तास मागे गेली. रविवारी सकाळी मी पुन्हा देवळात गेले, कारण नवसाचा नारळ वाढवायला येणार असल्याचे आंटींनी सांगितले होते. त्या आल्या, माझा हात धरून बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, “आता सांग. यांच्यावर माझा विश्वास नाही, हे मध्येच रडतात.”

मी सगळे क्रमाने सांगितले. ७३व्या मिनिटाच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेने चेंडू मुद्दाम हाताने पाडला म्हणून त्याला पिवळे कार्ड मिळाले. न्यूझीलंडला पेनल्टी मिळाली, जॉर्डी बॅरेटने जवळजवळ मध्यरेषेवरून लाथ मारली आणि चेंडू खांबांबाहेरून गेला. नंतरचा प्रत्येक धक्का, प्रत्येक स्क्रम मला आठवेल तसा सांगितला. आणि हेही सांगितले की बाहेर बसवलेल्या कोल्बेने जर्सी डोक्यावरून ओढून तोंड झाकून घेतले होते आणि मोठ्या पडद्यावर ते सगळ्या मैदानाने पाहिले.

“म्हणजे त्यानेही पाहिलं नाही?” आंटींनी विचारले.

“नाही पाहिलं.”

त्यांनी डोळे पुसले, नारळ उचलला आणि अंकलना हाक मारली.