गुलाबाच्या पेटीचं वजन

छोट्या विमानातून फुलं नेण्याचं माझ्या मनात आहे, म्हणून आज तळेगावला एका पॉलिहाऊसवर गेले होते. गुलाबांची पेटी १०० बाय ४० बाय ३० सेंमी, काट्यावर जेमतेम १२ किलो. पण एअर कार्गोत घन सेंमीमधल्या घनफळाला ६००० ने भागतात आणि येणारा किलोचा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचं भाडं घेतात, म्हणजे इथे भाडं २० किलोचं. "ताई, वरच्या आठ किलो हवेचे पैसे आम्ही का द्यायचे?" पॉलिहाऊसच्या दादांनी विचारलं. रास्त प्रश्न! छोट्या विमानात फुलं भरली की जागा आधी संपते, वजन नंतर.

कमर्शियल पायलटचं लायसन्स २०० तासांच्या उड्डाणावर मिळतं. तेवढ्या अनुभवावर पावसाळ्यात घाटावरून माल नेण्याचा हट्ट मी धरणार नाही. आधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी, कमांडर म्हणजे मुख्य पायलट अनुभवी, मी शेजारच्या सीटवर. घरचे म्हणतात, एअरलाइनची नोकरी धर. पण मला हेच करायचंय, मनापासून.

तळेगावात कुणाचं कोल्ड स्टोरेज असेल तर कळवा.