कॉन्टेसा परत आणायची असेल तर मागच्या सीटपासून सुरुवात करा

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटांनी सिएरा ही आपली जुनी गाडी नव्याने आणली आणि तेव्हापासून दुकानात गिऱ्हाईक रेक्झिनचा रंग निवडता निवडता हमखास विचारतं, "भाऊ, आता कॉन्टेसा कधी येणार?" विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. पण परवा एका पंचविशीतल्या पोरानेही विचारलं. हिंदुस्थान मोटर्सची ही जुनी गाडी त्याने फक्त फोटोत पाहिलेली. म्हणजे त्या नावात अजून काहीतरी शिल्लक आहे.

धुळ्यात पारोळा रोडला आमचं कुशनचं काम आहे. आबांनी सुरू केलं, आता मी सांभाळतो. ट्रकच्या केबिनपासून नवरदेवाच्या गाडीपर्यंत सगळ्याला आमचा हात लागलाय. लोक गाडीचं बॉनेट बघतात, आम्ही आधी मागचं दार उघडतो आणि सीटवर तळहात दाबून बघतो. म्हणून या विषयावर मला जे म्हणायचंय ते मागच्या सीटवरूनच म्हणणार.

आधी नावाचं. २०१७ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बेसेडर हे नाव फ्रान्सच्या प्यूजोला ८० कोटी रुपयांना विकलं. २०२२ मध्ये कॉन्टेसाचं नाव एस जी कॉर्पोरेट मोबिलिटी या कंपनीला द्यायचा करार झाला. नावं गेली, पण त्या नावाची नवी गाडी काही आमच्या आग्रा रोडवरून गेलेली नाही. तेव्हा बोलायचं तर आत्ताच बोललेलं बरं. गाडीचा साचा एकदा बनला की कुशनवाल्याचं कोण ऐकणार?

कॉन्टेसा १९८४ साली आली. मूळ गाडी इंग्लंडची, व्हॉक्सॉल व्हीएक्स. तिकडे तिचं उत्पादन १९७८ लाच संपलं होतं. सुरुवातीला तिच्यात अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन बसवलं आणि ते तिला पुरलं नाही. एवढं मोठं धूड आणि जोर पन्नास घोड्यांचा. चार माणसं बसवून लळिंगचा घाट चढताना ड्रायव्हर खालचे गिअर सोडतच नसत, असं आबा सांगायचे. मग इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आलं, पाच गिअर आले, ए.सी. आला, आणि कॉन्टेसा क्लासिक ही खऱ्या अर्थाने मालकाची गाडी झाली. रावेर-सावद्याचे केळीवाले, जळगावचे सराफ, नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी, दोंडाईच्याचे जिनिंगवाले यांच्या दारात ती दिसायला लागली.

मालकाची गाडी म्हणजे मालक मागे बसणार ती गाडी. हे लक्षात घेतल्याशिवाय कॉन्टेसा समजत नाही. त्या काळात आमच्याकडे येणाऱ्या अ‍ॅम्बेसेडरच्या सीटमध्ये स्प्रिंगांची जाळी, तिच्यावर काथ्या, वर फोमचा थर असायचा. दणकट सीट, पण माणूस तिच्यावर ताठ बसायचा, पंगतीत बसल्यासारखा. कॉन्टेसात तो टेकून बसायचा. बसका, म्हणजे सीटचा बसायचा भाग, खोल, पाठ जरा मागे कललेली, गुडघ्यांपुढे जागा. अ‍ॅम्बेसेडरला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, हिला गुंडाळीच्या कॉइल स्प्रिंगा, त्यामुळे खड्ड्यातून जाताना दणका न बसता गाडी नुसती हलायची. पहिल्यांदा एक कॉन्टेसा दुकानात आली तेव्हा आबांनी मागच्या सीटवर बसून पाय लांब केले आणि म्हणाले, "हाई गाडी शे का पलंग शे?" पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हेच सांगत होते.

आमच्या भागात या सीटची खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला व्हायची. एप्रिल-मे, पारा चव्वेचाळीसच्या आसपास, आणि सासरच्या लेकींना माहेरी आणायचं. ज्याच्याकडे कॉन्टेसा, तो गाडी पाठवायचा. मागे लेक, तिची पोरं, मांडीवर एखादं तान्हं, सोबतीला घरातली कोणी म्हातारी. जळगाव काय, अमळनेर काय, चाळीसगाव काय, त्या सीटवर पोरं झोपून यायची. आज ज्या बायका चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांना गाडीचं इंजिन कोणतं होतं ते माहीत नाही, पण त्या सीटचं मखमली कापड उन्हात कसं तापायचं आणि ए.सी. लागला की किती वेळाने निवायचं, हे त्या अचूक सांगतात. मी कॉन्टेसाची आठवण विचारली की पुरुष बॉनेटबद्दल बोलतात, बायका मागच्या सीटबद्दल. मला बायकांचं म्हणणं जास्त मोलाचं वाटतं.

जुनं नाव आणि नवी मोठी सेडान, या बाबतीत सगळ्यात जास्त शिकण्यासारखी गाडी अमेरिकेतली आहे, लिंकन कॉन्टिनेंटल. फोर्ड कंपनीच्या एडसेल फोर्डने १९३९ मध्ये स्वतःला सुट्टीत वापरायला एक गाडी बनवून घेतली आणि फ्लोरिडाला नेली. तिथल्या श्रीमंतांना ती आवडली, तिथून हे नाव निघालं. १९५६ च्या मार्क टू मॉडेलला स्कॉटलंडच्या ब्रिज ऑफ वीअर या कारखान्याचं चामडं लावलं होतं. १९६१ च्या मॉडेलची मागची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागच्या बाजूला. अध्यक्ष केनेडींवर डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा ते ज्या गाडीत होते, ती याच मॉडेलवरून बनवलेली. २००२ मध्ये कॉन्टिनेंटल बंद झाली. पुढे कंपनीने आपल्या गाड्यांना एमकेएस, एमकेझेड अशी अक्षरांची नावं दिली, ती लोकांच्या तोंडी बसली नाहीत. शेवटी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात जुनं नाव पुन्हा बाहेर काढलं आणि २०१६ मध्ये गाडी विक्रीला आली.

त्या गाडीच्या सीटची माहिती मी मिळेल तिथून वाचली आहे, कारण असं काम दुसऱ्या कोणी केलेलं मला माहीत नाही. पुढची सीट तीस प्रकारे हलवता येते. त्यातली एक गोष्ट वाचून मी दुकानातल्या कारागिरांना काम थांबवून ऐकवली. दोन मांड्यांना दोन वेगळे आधार, एक पुढे काढता येतो आणि दुसरा मागेच ठेवता येतो. गाडी चालवणाऱ्याचा उजवा पाय कायम कामात असतो, डावा मोकळा असतो, दोन्ही मांड्या कधीच एका पातळीत नसतात. लांबच्या ट्रक ड्रायव्हरच्या सीटचा फोम एकाच बाजूने बसतो, तो याच कारणाने. आम्ही एका बाजूला जादा फोम भरून ते भागवतो. तिथे कोणीतरी हे ओळखून सीटच तशी घडवली. मागच्या सीटला पाठ कलती करायची सोय, मसाज, आणि चामडं पुन्हा त्याच ब्रिज ऑफ वीअरचं. साठ वर्षांपूर्वीचा चामडेवाला शोधून त्याच्याकडे परत जाणं, याला मी नावाचा मान राखणं म्हणतो.

तरी ती गाडी टिकली नाही. २०२० मध्ये उत्पादन थांबलं. अमेरिकेतलं गिऱ्हाईक तोपर्यंत उंच गाड्यांकडे वळलं होतं, हे कारण मोठं आहेच. पण दुसरंही आहे. कॉन्टिनेंटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उलटी उघडणारी दारं यायची, आणि नव्या गाडीला ती नव्हती. २०१९ मध्ये, नावाला ऐंशी वर्षं झाली म्हणून, फक्त ऐंशी गाड्या सहा इंच लांब करून तशा दारांच्या बनवल्या. किंमत एक लाख डॉलरच्या वर, आणि त्या हातोहात गेल्या. तीच दारं पहिल्या दिवशी दिली असती तर गाडी आजही चालू असती असा दावा मी करणार नाही, पण नाव परत आलं आणि आठवण शोरूमच्या बाहेर राहिली, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडेही नावं परत आली आहेत. बलेनो आधी सेडान होती, २००७ मध्ये बंद झाली, २०१५ मध्ये वेगळी डिकी नसलेली हॅचबॅक होऊन आली. भरपूर खपली, गाडी चांगलीच आहे, आमच्याकडे तिच्या कव्हरचे फर्मे, म्हणजे कापड बेतायचे नमुने, कायम तयार असतात. पण जुन्या बलेनोचा मालक नव्या बलेनोकडे बघून काही ओळखत नाही. सँट्रो २०१८ मध्ये परतली आणि २०२२ मध्ये पुन्हा गेली. चेतकचं मात्र मला पटलं. इलेक्ट्रिक झाली, आवाज गेला, गिअर गेले, तरी बजाजने अंग पत्र्याचंच ठेवलं. बोटाने टकटक केलं की कळतं. खानदेशात चेतकवर नवरा-बायको आणि दोन पोरं बाजाराला जायची, मध्ये पिशव्या असायच्या, त्या गाडीचं अंग पत्र्याचं असणं लोकांना आठवत होतं. सिएराचंही मला बरं वाटतं. जुन्या सिएराला तीनच दारं, मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून शिरायचं. लुगडं नेसलेल्या म्हातारीला ते कसं जमणार? शिवाय मागच्या त्या मोठ्या न उघडणाऱ्या काचा म्हणजे आमच्या उन्हात भट्टी. नव्या गाडीत काचेचं ते रूप राखलंय आणि मागे दारं दिलीत. जे आठवत होतं ते ठेवलं, जे सोसावं लागायचं ते काढलं.

तर कॉन्टेसा. आता नवी मोठी गाडी म्हटली की ती इलेक्ट्रिक असेल असं सगळे धरून चालतात. हरकत नाही, उलट एक फायदाच आहे. जुन्या कॉन्टेसात इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे मधून प्रॉपेलर शाफ्टचा उंचवटा यायचा आणि मधल्या माणसाला पाय फाकून बसावं लागायचं. इलेक्ट्रिकमध्ये तो जातो. पण बॅटरी फरशीखाली येते आणि फरशी वर उचलली जाते. बसका तेवढाच राहिला की गुडघे वर येतात, मांडी सीटवरून सुटते, सगळं वजन कमरेखालच्या हाडांवर येतं. शंभर किलोमीटरवर माणूस चुळबुळ करायला लागतो. हा दोष नवा फोम घालून जात नाही, आमच्याकडे आलेल्यांना मी तसं स्पष्ट सांगतो. पोर्शे कंपनीने टायकान गाडीत बॅटरीमध्येच मागच्या पायांसाठी खोलगट जागा सोडली, म्हणजे उपाय आहे. खर्चाचा आहे, पण सगळ्यात मोठी गाडी म्हणून जी विकायची तिच्यात खर्च इथेच करावा.

दुसरं, हवा. सीटमधून हवा खेळवणारे पंखे आता बऱ्याच गाड्यांत मिळतात, पण बहुतेक वेळा पुढच्याच सीटला. कॉन्टेसात ते मागे हवेत. काथ्याच्या सीटमधून हवा आपोआप जायची, जाड फोम ती अडवतो आणि पाठ ओली होते. काचांच्या काळ्या फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंद केल्या, तेव्हा उन्हापासून वाचायचं तर मागच्या काचेला कंपनीचाच पडदा हवा. तिसरं, सीटची उंची. उंच गाडीत चढताना गुडघे दुखतात, फार खालच्या गाडीतून उठताना कंबर दुखते. जुन्या कॉन्टेसात म्हातारं माणूस दार उघडून आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचं, कोणाचा हात न धरता. ही उंची कोणीतरी मोजून ठेवायला हवी.

आणि गाडी सेडानच हवी. मागे वेगळी डिकी, लांब बॉनेट. उंच गाडीला कॉन्टेसा नाव दिलं तर ती विकली जाईलही, पण आखाजीला त्या सीटवर झोपून आलेल्या पोरांना, जी आता स्वतः गाड्या घेण्याच्या वयाची आहेत, तिच्यात शिरल्यावर काही सापडणार नाही.

यासाठी मी माझ्या परीने एक काम हातात घेतलंय. कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. उरलेल्या गाड्यांच्या सीट बहुतेक वेळा बदललेल्या असतात, कुठे दुसऱ्याच गाडीची सीट कापून बसवलेली, कुठे लग्नाच्या कामासाठी पांढरं रेक्झिन चढवलेलं. आबांनी काढलेले फर्मे कागदाचे होते, ते वाळवीने खाल्ले, एक पाठीचा अर्धा तेवढा राहिलाय. तुमच्या किंवा नात्यातल्या कोणाच्या खळ्यात, गोदामात, वाड्यात कंपनीच्या मूळ सीटची कॉन्टेसा उभी असेल, फाटलेली असली तरी चालेल, तर ती भंगारात देण्याआधी मला एक दुपार द्या. मी कागद, टेप आणि खडू घेऊन येईन. बसक्याची खोली, पाठीचा कल, जमिनीपासूनची उंची, शिलाईच्या रेषा, स्प्रिंगांची मांडणी, सगळं उतरवून घेईन. सीट उसवावी लागली तर तिथेच पुन्हा शिवून देईन, पैसे घेणार नाही. शहादा, नवापूर, चोपडा, रावेर, कुठेही असली तरी येतो. उन्हाळा लागायच्या आत कळवलंत तर बरं, मार्चपासून लग्नाच्या गाड्यांचं काम सुरू होतं.