मांजराच्या तोंडातील रक्ताळलेले व्रण आणि घरातला औषधांचा डबा

मांजराच्या तोंडात व्रण झाले आहेत, हे घरातल्यांच्या लक्षात बहुधा उशिराच येते, कारण दुखणे लपवण्यात या प्राण्याचा हात कोणी धरणार नाही. आमच्या ठकीच्या बाबतीत पहिली खूण म्हणजे उशीच्या अभ्र्यावर पडलेला, लाळेत मिसळलेल्या रक्ताचा गुलाबी डाग. मग नीट लक्ष दिल्यावर दिसले की ती भुकेने बशीपाशी येते, एक घास तोंडात धरते आणि फिस्कारत मागे सरते. अंग चाटणे थांबल्यामुळे तिचे केसही राठ झाले होते. अशा दोन खुणा एकत्र दिसल्या, तर मांजराला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाला सल्ल्यांची टंचाई कधीच भासत नाही. हळद-तूप, मध, तुरटीचे पाणी असे सगळे उपाय आम्हाला जिन्यातच सुचवले गेले. त्यांपैकी कोणताही उपाय त्या चिघळलेल्या तोंडात बोट घालून करावा लागतो, एवढ्याच कारणासाठी मी ते बाजूला ठेवले. खरा धोका मात्र आपल्या औषधांच्या डब्यात असतो. आपले तोंड आले की आपण जी जेल लावतो, त्यांतील काहींत कोलीन सॅलिसिलेट असते, तर काहींत बेंझोकेन, आणि ही दोन्ही द्रव्ये मांजराला घातक ठरू शकतात. पॅरासिटामॉलचे तर नावही काढू नये. ते निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची जी क्षमता माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. परिणामी रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, आणि आपली एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

व्रण नेमका कुठे आहे, यावरून डॉक्टरांना बराच अंदाज येतो. जिभेवर फोड आणि जोडीला शिंका व ताप असेल, तर कॅलिसिव्हायरसचा संशय घेतला जातो. म्हाताऱ्या मांजराला सारखी तहान लागत असेल आणि तोंडाला लघवीसारखा वास येत असेल, तर आधी मूत्रपिंडे तपासावी लागतात. वयस्क मांजराच्या जिभेखाली किंवा जबड्याच्या एकाच बाजूला गाठ व व्रण असेल, तर तो कर्करोग नाही ना, हे तुकडा तपासूनच ठरवावे लागते. आणखी एक कारण शहरातल्या मांजरांच्या बाबतीत सहज नजरेआड होते, ते म्हणजे फिनेल. सोसायटीचा जिना आणि पार्किंग रोज त्याने पुसले जाते, मांजर त्या ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटून स्वच्छ करते. त्या रसायनाने जीभ भाजून निघते. जंतुनाशक फ्लोअर क्लीनरचीही तीच गत. फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजराला घरात ठेवणे, एवढे तरी आपल्या हातात असते.

निदान होईपर्यंतही पोटात अन्न जाणे अत्यावश्यक आहे. मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही, तर यकृतात चरबी साठून वेगळाच जीवघेणा आजार सुरू होतो, आणि लठ्ठ मांजराला हा धोका अधिक असतो. उकडलेल्या चिकनचा किंवा काटे काढलेल्या मांदेलीचा पातळ लगदा कोमट करून दिल्यास वासाने भूक चाळवते. मात्र आपल्या घरचा अळणी रस्सा देऊ नये, कारण त्यात कांदा-लसूण असतो आणि तो मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतो. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लीनची गोळी दिली असेल, तर ती कोरडी भरवू नये. मागोमाग थोडे पाणी किंवा अन्न द्यावे, अन्यथा ती अन्ननलिकेत अडकून तिथेच जखम करते. वेदनाशामक औषध द्यायला हवेच, पण त्याचे प्रमाण वजनावर आणि मूत्रपिंडांच्या स्थितीवर ठरत असल्यामुळे ते डॉक्टरांनीच सांगावे.

ठकीचा आजार निघाला तो हिरड्यांचा आणि घशाजवळच्या आवरणाचा जुनाट दाह. यात शरीराची प्रतिकारशक्ती दातांवरच्या जंतूंवर इतकी तुटून पडते की आसपासचे मांस लालबुंद होऊन स्पर्शानेही रक्त येते. स्टेरॉइडने चार दिवस बरे वाटते, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, आणि दीर्घकाळ दिल्यास मधुमेहाची भीती. म्हणून मांजराच्या ३० दातांपैकी १४ दाढा-उपदाढा भूल देऊन काढाव्यात, असा सल्ला मिळाला. ऐकायला हे क्रूर वाटते, आमच्या आईंना तर तो निव्वळ अत्याचार वाटला. पण साधारण दोन-तृतीयांश मांजरांना या शस्त्रक्रियेने चांगला किंवा पूर्ण आराम पडतो. उरलेल्यांना औषधे चालू ठेवावी लागतात किंवा पुढचे दातही काढावे लागतात. होकार देण्यापूर्वी दातांचा एक्स-रे काढणार का, हे जरूर विचारावे, कारण हिरडीत मुळाचा तुकडा राहिला तर दाह तसाच धुमसत राहतो. ठकी आता मऊ अन्न तर खातेच, पण शेजारच्या बोक्याच्या वाटीतले कोरडे दाणेही न चावता गिळून येते.