सात शतांश सेकंद

आज लेकीला पोहायला इथे इंग्लंडमधल्या मॅन्सफील्डला नेलं. दारावरचं नाव तिने अडखळत वाचलं, 'रिबेका ॲडलिंग्टन स्विमिंग सेंटर'. "बाबा, ही कोण?"

ही याच गावची पोरगी. 2008, बीजिंग ऑलिंपिक. 400 मीटर फ्रीस्टाइलमध्ये अगदी शेवटच्या हातांना अमेरिकेच्या केटी हॉफला गाठून सुवर्ण. फरक 0.07 सेकंदांचा! मग 800 मीटरला 8:14.10, जॅनेट इव्हान्सचा 1989चा विश्वविक्रम मोडीत. तो विक्रम झाला तेव्हा रिबेका जेमतेम सहा महिन्यांची होती. 1960 नंतर ऑलिंपिकला पोहण्यात सुवर्ण मिळवणारी पहिली ब्रिटिश बाई.

2012ला लंडनमध्ये दोन ब्राँझ. मला तर घरच्या गर्दीसमोरची ती दोनच जास्त भारी वाटतात. 23व्या वर्षी निवृत्त! त्या वयात मी बायोडेटाच्या झेरॉक्स काढत फिरत होतो.

लेकीने गॉगलला थुंकी लावली, उडी मारली आणि अर्ध्यावरच दोरीला लटकली.

"800 म्हणजे असे किती वेळा?"

"16 वेळा. आणि बीजिंगचा तो तलाव 50 मीटरचा."

तिने दोरी आणखी घट्ट धरली.

"आपण चिप्स खायला कधी जायचं?"