चांदणीची दुडकी आणि पाखरीची रेवाल

दसऱ्याच्या आगेमागे आमच्याकडचे सोयाबीन निघते, धुरे मोकळे होतात आणि कुत्र्यांना पुन्हा लांब पल्ल्याची चाल देता येते. भर पावसात काळ्या मातीतून ते शक्यच नसते. त्यामुळे मागच्या नोंदीनंतरची प्रगती मुख्यतः या काही आठवड्यांतली आहे आणि ती माझ्या दोन कुत्र्यांपैकी बाणापेक्षा चांदणीचीच अधिक आहे. दोघेही कारवानी आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया ज्यांची नोंद कॅरवान हाउंड या नावाने करतो आणि 2005 साली टपाल खात्याने ज्यांना मुधोळ हाउंड म्हणून तिकिटावर स्थान दिले, तेच हे कुत्रे.

चांदणीचे डोके, मान, छातीची खोली, दातांची ठेवण यांबद्दल मला काळजी नाही. प्रश्न आहे तो तिच्या चालीचा. दुडकी चालीत पुढचा डावा पाय आणि मागचा उजवा पाय एकत्र उचलला जातो, मग उरलेली जोडी. पाठ सरळ राहते आणि खांद्याची खरी पोहोच दिसते. चांदणीला हळू चालवले, किंवा ती थकली, की ती एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू लागते. मग पाठ डावी-उजवीकडे डोलते, पुढच्या पायांची झेप तोकडी वाटते आणि प्रदर्शनाच्या रिंगमध्ये जजला तिची मूळ बांधणी दिसतच नाही.

हा दोष माझ्या लगेच लक्षात आला याचे श्रेय पाखरीला आहे. पाखरी ही आमची मारवाडी घोडी, कुम्मेद म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेली, आत वळलेल्या कानांची टोके एकमेकांना भिडणारी. बाबांनी ती नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणली होती. तिची रेवाल चाल पाहायला आजूबाजूच्या गावांतले जाणकार येत. रेवालमध्ये एकाच बाजूचे पाय जवळजवळ एकाच वेळी पुढे पडतात, त्यामुळे दुडकीत स्वाराला जे उसळे बसतात ते बसत नाहीत. भरलेला तांब्या हातात धरून बाबा तिच्यावरून नदीपर्यंत जात आणि पाणी हिंदकळत नसे. म्हणजे घोडीत ज्या चालीसाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात, जवळपास तीच चाल रिंगमधल्या कुत्र्यात नको असते. घोड्याची चाल पाठीवर बसणाऱ्यासाठी पारखली जाते, तर या कुत्र्याची चाल उघड्या माळावर दूरपर्यंत धावणाऱ्या शिकारी कुत्र्याची बांधणी कितपत खरी आहे हे ताडण्यासाठी पाहिली जाते. मला तरी या फरकाचे कारण हेच वाटते.

पाखरीला न्याहाळताना बाबा म्हणत, “आंधी पाय पाह्य बापू, तोंड मंग पाह्यजो.” पावसाळ्यात रोज संध्याकाळी तिचे चारही खूर खरडून चिखल काढावा लागे, कारण ओल्या मातीत खुराचा तळवा कुजतो आणि त्याचा वास आधी येतो, लंगडणे नंतर दिसते. पुढच्या डाव्या पायापासून सुरुवात ठरलेली होती. तो झाला की मी मागे सरकायच्या आतच ती त्यानंतरचा पाय स्वतः उचलून धरी, आणि तिचे ऊन श्वास माझ्या पाठीवर येत. आज चांदणीच्या बोटांमधली माती आणि गोचिडी मी त्याच क्रमाने तपासतो. मऊ जमिनीवर राहणाऱ्या कुत्र्यांची नखे झिजत नाहीत. वाढलेली नखे जमिनीला टेकून बोटे वर ढकलतात आणि पंजा पसरतो, म्हणून पावसाळ्यात नखे अधिक वेळा कापावी लागतात.

सध्याचा सराव असा आहे. पहाटे ऊन चढण्यापूर्वी मुरमाच्या रस्त्यावर सायकलच्या बाजूने चांदणीला नेतो. मुरमाने नखे आपोआप झिजतात आणि पंजे घट्ट होतात. सुरुवात कधीच संथ करत नाही. उभ्यावरून पहिली दोन पावले जलद टाकायची, पट्टा किंचित वर घ्यायचा आणि ती एका बाजूच्या पायांवर गेली तर लहानसे वर्तुळ घेऊन ताल मोडायचा, मग सरळ चालवायचे. सरळ रस्त्यावर ती आता बऱ्यापैकी लांब अंतर दुडकी टिकवते. पऱ्हाटीवर फवारणी झालेल्या वावरांच्या बाजूने मी मुळीच जात नाही. पट्टाही सोडत नाही, कारण ससा दिसला की ही जात थांबत नाही आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा मारणे हा गुन्हा आहे.

पूर्वीचे आमचे कुत्रे पाखरीच्या सोबतीने धावत, आणि त्यांच्या मांड्यांना जो घट्टपणा येई तो सायकलने येत नाही, असे मला मनापासून वाटते. पाखरी म्हातारपणी पोटशूळाने गेली. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेले वर यायला वाटच नसते. डॉक्टर रात्रभर तिच्यापाशी होते आणि बाबाही कोठ्यातून हलले नाहीत. तिचे अंग घासायचा खरारा अजून माझ्याकडे आहे. दुसरी घोडी घ्यावी असे मला आजवर वाटलेले नाही.

बाणाला तारेच्या कुंपणाने मांडीवर लांब फाटले. या कुत्र्यांची कातडी पातळ असते. टाके घालण्यापूर्वी मी डॉक्टरांना आठवण दिली की अंगात चरबी कमी असलेल्या अशा जातींना थायोपेंटोनसारख्या औषधाची गुंगी फार वेळ राहते. त्यांनी वेगळे औषध वापरले आणि तो संध्याकाळी स्वतःहून उठून उभा राहिला. जखम भरली आहे, पण त्या पायाचे स्नायू उतरले आहेत, म्हणून या हंगामात त्याला प्रदर्शनात उतरवणार नाही. चांदणीला नागपूरकडच्या प्रदर्शनात नेण्याचा विचार आहे. त्याआधी तिची उजव्या वळणावरची चाल सुधारायला हवी, कारण तिथे वेग कमी झाला की तिची दुडकी अजूनही मोडते. वळणाआधी वेग वाढवावा की वळण मोठे घ्यावे, हे दोन्ही करून बाजूने चित्रण करतो आणि पुढच्या नोंदीत मांडतो.