अंगठ्याखालचा चॅटर

एका कारखान्याच्या वार्षिक अहवालाचं काम होतं. त्यात निवृत्तीला आलेल्या एका टर्नरचं, म्हणजे लेथवर धातू कातणाऱ्या कारागिराचं, पोर्ट्रेट हवं होतं. दोन लाइट, सॉफ्टबॉक्स, ८५ मिमीची लेन्स असा सगळा सरंजाम मांडला आणि काका लेथशेजारी वरचं बटण लावून, हात मांड्यांना चिकटवून उभे राहिले. सोबतचा अधिकारी "काका, हसा ना जरा" म्हणत होता. माणूस आखडला असताना त्याला हसायला सांगणारे लोक मला कामावर अजिबात नको असतात. ठरलेले फोटो काढले आणि लाइट आवरायला घेतले.

काका लगेच मशीनकडे वळले. चक, म्हणजे लेथची फिरती पकड, थांबला होता; जॉब, म्हणजे कातायला घेतलेला शाफ्ट, अजून त्यात पकडलेला होता. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा शाफ्टवरून सावकाश फिरवू लागले.

माझ्या खिशात कायम एक कॉम्पॅक्ट कॅमेरा असतो. मध्यम आकाराचा एपीएस-सी सेन्सर, बदलता न येणारी लेन्स, फुलफ्रेमच्या हिशेबाने २८ मिमी, म्हणजे रुंद दृश्य घेणारी. तो मी नेहमी तयार ठेवते: लेन्सचं छिद्र एफ ८ इतकं लहान, फोकस १ मीटरवर पक्का. म्हणजे साधारण ७० सेंटिमीटरपासून पावणेदोन मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं, फोकस शोधण्यात क्षण जात नाही. मोठ्या कॅमेऱ्यांसारखा खटकन उचलला जाणारा आरसा नाही, आणि शटर लेन्समध्येच असल्यामुळे आवाज जवळजवळ शून्य. डोक्यावरच्या दिव्यांच्या लुकलुकण्याचे पट्टे इलेक्ट्रॉनिक शटरने उमटतात, इथे तीही भीती नव्हती. खिडकीतून येणारा उजेड जॉबवर तिरपा पडत होता. चकाकी जळू नये म्हणून एक्स्पोजर सव्वा स्टॉप खाली घेतलं आणि तीन फ्रेम काढल्या. काकांना पत्ताही लागला नाही.

लोक अशा कॅमेऱ्याला हौसेचा म्हणतात. माझ्या मते माणसाच्या हातभर जवळ उभं राहून त्याचं काम न मोडता फोटो काढणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते मी याच कॅमेऱ्याने शिकले. त्याचा एक दोष मात्र छळतो. कुठून तरी सेन्सरवर धूळ जाते, आणि लेन्स निघत नसल्यामुळे ती घरी साफ करता येत नाही. या फ्रेममध्येही वर उजवीकडे एक राखाडी ठिपका होता.

स्क्रीनवर फोटो मोठा करून मी त्यांना दाखवला. मिटलेले डोळे, नखाच्या कडेत मुरलेलं काळं तेल, आणि तिरप्या उजेडामुळे अंगठ्याच्या अगदी पुढे उठून दिसणाऱ्या बारीक लाटा. मला वाटलं, ते खूश होतील.

काकांचं लक्ष चेहऱ्याकडे गेलंच नाही, ते त्या लाटांवर खिळलं. कापताना टूल थरथरलं की धातूवर अशा लाटा उठतात, त्यालाच चॅटर म्हणतात. "मॅडम, इथे चॅटर आलाय. तेच तर बघत होतो. हा फोटो छापू नका. शेवटच्या महिन्यात माझा असा जॉब दाखवायचा?"

मग त्यांनी कापणारं टूल पकडीतून बाहेर किती निघालंय ते पाहिलं, ते आत घेऊन घट्ट केलं, फेरे कमी केले आणि एक हलका कट मारला. पुन्हा अंगठा फिरवला. म्हणाले, "आता काढा." मी काढला. जॉब आरशासारखा, डोळे उघडे, नजर थेट लेन्समध्ये. अहवालात अधिकाऱ्यांनी घेतला तो सॉफ्टबॉक्सचाच.

जो चॅटर त्यांना सलत होता, त्याच्यामुळेच माझा फोटो उभा राहिला होता. दोष आहे हे त्या बोटांना मिटल्या डोळ्यांनी कळलं, आणि नेमकं तेच चित्रात दिसत होतं. पण जॉब त्यांचा होता, आणि फोटो मी न विचारता काढला होता. त्या दिवसापासून खिशातला कॅमेरा काढताना हात किंचित थबकतो, आणि त्या थबकण्यात एखादी फ्रेम जातेही.

ती फाइल मी कुणाला दाखवलेली नाही आणि पुसलेलीही नाही. कोपऱ्यातला धुळीचा ठिपका तेवढा परवा काढला.