परसातल्या सिंकवरचा गीझर आणि सारखा पडणारा आरसीसीबी

नाशिक-निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंशांखाली उतरतो. परसातल्या सिंकवर तेला-तुपाची भांडी त्या पाण्यानं निघत नाहीत. तिथं गीझर निवडणं फारसं अवघड गेलं नाही. बसवल्यावर तो चालू करून घेताना मात्र सर्व्हिस सेंटरनं जो मनस्ताप दिला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

निवडीचं आधी सांगून टाकते. इन्स्टंट गीझर बहुतेक 3 किलोवॉटचा असतो. पाणी 15 अंशांवरून 40 वर न्यायचं तर तो मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर देतो, आणि भांडी विसळायला पाच-सहा लिटरची धार लागते. गॅस गीझर तेवढी धार देतो, पण उघड्यावर वाऱ्यानं ज्योत विझते. शिवाय टाकी सिंकपेक्षा तीनच मीटर उंच असेल, तर दाब 0.3 बारच्या वर जात नाही आणि त्यातलाही थोडा पाइपात जिरतो. दाब कमी पडला की आतला डायफ्राम (पाण्याच्या दाबानं हलणारा पडदा) उचलत नाही, बर्नर पेटत नाही. छपरावरच्या सोलरची लाइन खाली आणली, तर पाऊण इंची सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) 20 मीटर पाइपात पाच लिटर पाणी उभं असतं, ते दर वेळी आधी सोडून द्यावं लागतं. म्हणून 15 लिटरचा, 2 किलोवॉटचा स्टोरेज गीझर. 15 अंशांचं पाणी 60 वर जायला साधारण 24 मिनिटं लागतात. थंड पाणी मिसळून 40 अंशांचं बावीस-पंचवीस लिटर मिळतं, एका वेळच्या भांड्यांना पुरतं. उघड्या जागेसाठी आयपीएक्स4 (कुठल्याही बाजूनं उडणारं पाणी सोसणारा) लिहिलेलाच घ्यायचा आणि तोही छपराखाली लावायचा. फक्त सरळ वरून पडणारे थेंब सोसणारा आयपीएक्स1 वाला पावसाच्या तिरक्या झडीत टिकणार नाही.

आता खरं दुखणं. बटण दाबलं की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच, पडायचा. तक्रार केली की माणूस यायचा, टेस्टर लावून ‘वायरिंगचा प्रॉब्लेम’ म्हणायचा, आणि संध्याकाळी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज यायचा. वायरमनच्या मते गीझरच खराब. तपासायला कोणी तयार नाही. शेवटी सर्व्हिस सेंटरमधून फोनवर सांगितलं, ‘मॅडम, आरसीसीबी बायपास करून घ्या, चालेल.’ ओली फरशी, ओले हात, स्टीलचं सिंक आणि वर वीज. असा सल्ला देणाऱ्याला आपल्या बोर्डाला हातसुद्धा लावू देऊ नका.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आतच तो सप्लाय तोडतो. म्हणजे तो पडला याचे अर्थ दोनच: करंट कुठंतरी जमिनीत गळतोय, नाहीतर दुसऱ्याच वाटेनं परत जातोय. यातलं काय ते शोधणं कठीण नाही.

गीझरचा प्लग काढा. घरात आरसीसीबीवर नीट चालणारी इस्त्री त्याच बाहेरच्या सॉकेटला लावा. मोबाइलचा चार्जर लावून कळणार नाही, त्याचा करंट फार थोडा असतो. इस्त्रीवरही आरसीसीबी पडला तर दोष लाइनमध्ये. इस्त्री चालली तर दोष गीझरमध्ये. मग प्लग काढलेल्या अवस्थेतच वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा: 2 किलोवॉटच्या एलिमेंटचा (पाणी तापवणाऱ्या कॉइलचा) रोध 26 ओमच्या आसपास हवा, आणि एलिमेंटचं टोक ते बॉडी मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) 1 मेगओमच्या वर. मेगरवर कमी आला तर एलिमेंटमध्ये ओल शिरली आहे, तो बदलून मागा.

इथं इस्त्रीवरही पडला. कारण जुन्या घरांत नेहमी सापडणारं: परसातला दिवा आणि सॉकेट नंतर वाढवलेले, फेज नव्या लाइनचा आणि न्यूट्रल जवळच्या खोलीतल्या बोर्डातून उचललेला. तो न्यूट्रल या आरसीसीबीतून जातच नाही. गीझर ओढतो 8.7 अँपिअर, ते सगळेच त्याला गळती दिसतात. उपाय एकच, मुख्य बोर्डापासून गीझरसाठी स्वतंत्र लाइन. फेज, न्यूट्रल, अर्थिंग तिन्ही 2.5 स्क्वेअर एमएमच्या तारा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल एमसीबी, 16 अँपिअरचं झाकणवालं सॉकेट. 3 किलोवॉटचा घेतलात तर तार 4 स्क्वेअर एमएमची. ती लाइन ओढली आणि आरसीसीबी पडायचा थांबला. सर्व्हिसवाल्यानं पहिल्याच फेरीत इस्त्री लावून पाहिली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. पुढची तक्रार टाळायची असेल तर एक करा: काम होईपर्यंत ओटीपी देऊ नका, तो दिला की तक्रार बंद होते.

लाइन ओढून घेताना अर्थिंगचा खड्डाही मोजून घ्या, अर्थ टेस्टरवर 5 ओमच्या आत हवा.

पाइपाचं राहिलं. गरम बाजूला यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) चालत नाही, 60 अंशांना मऊ पडतो. सीपीव्हीसी घ्या आणि उन्हात येणारा भाग झाका, नाहीतर ठिसूळ होतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात, तो दोष नाही; त्याचं तोंड बूच लावून बंद करू नका. बोअरचं पाणी असेल तर टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड दरवर्षी उघडून पाहा, झिजून तार उरली की बदला. आणि पहिल्यांदा सुरू करताना गरम नळ उघडून अखंड धार येईपर्यंत बटणाला हात नको, कोरडा एलिमेंट लगेच जळतो आणि तो वॉरंटीत बसत नाही.